विहिरीत तपासलेला पंखा

निपाणीला माझ्या आईचा मिक्सर बंद पडला, तेव्हा तिनं लगेच बेळगावला फोन लावला. उद्यमबागेत, आमच्या कारखान्यातच लावला. पण मला नाही. माझ्या केबिनपासून तीस पावलांवर कामाच्या बाकावर वाकून उभ्या असलेल्या अण्णांना लावला. मी तिचा एकुलता एक मुलगा, कारखान्याचा डिझाइन इंजिनिअर, काचेच्या आतून हे सगळं पाहत होतो. अण्णांनी फोन कानाला धरला, डोळे मिटले आणि ओरडले, "आक्का, फोन मिक्सरच्या पोटाला टेकवा आन् बटण दाबा बघू!"

दहा सेकंदांत निदान झालं. खालची रबरी चक्री झिजली होती.

संध्याकाळी मी आईला म्हटलं, "अगं आई, मी इंजिनिअर आहे."

"व्हय रं बाळा, मला ठावं न्हाय व्हय ते?" आई म्हणाली. "पण हे बिघडलंतं न्हवं."

जे बिघडलंय ते अण्णांचं आणि जे धड चालतंय ते माझं, अशी वाटणी आईनं परस्पर करून टाकली. त्या दिवसापासून तिच्या फोनमधला पहिला प्रश्न "अण्णा कसं हाईत?" आणि दुसरा "तू जेवलास का?"

तेव्हा आधीच सांगून ठेवतो, पुढं जे येतंय ते अण्णांचं कौतुक नाही. मी त्यांचा हेवा केला. आयुष्यात मी हेवा पुष्कळांचा केला. शेजाऱ्याच्या गाडीचा केला, मावसभावाच्या केसांचा केला. पण ते सगळे पावसाळी ओढे. आले, गढूळ होऊन वाहिले, आटले. अण्णांचा हेवा मात्र बारमाही. एकोणीस वर्षं त्याला एक दिवस पाण्याची टंचाई पडली नाही.

अण्णा बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. सकाळी शेतावर एक फेरी मारून, मोटारसायकलच्या हँडलला वांग्यांची पिशवी अडकवून आठच्या ठोक्याला कारखान्यात हजर. आमच्याकडं पितळ आणि गनमेटलचे पंपाचे भाग ओतले जातात. अण्णा फिटर. शिक्षण सातवीपर्यंत. अंगानं सुकलेल्या खोबऱ्यासारखे. आणि कमरेच्या करदोट्याला एक सहा नंबरची ॲलन की बांधलेली. म्हणजे स्क्रूच्या षटकोनी खाचेत घालून फिरवायची ती काटकोनात वाकलेली सळई. लोक करदोट्याला ताईत बांधतात. अण्णांनी चावी बांधली. आंघोळीला ती, झोपेत ती. त्यांची बायको म्हणायची, "लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्र आलं, आन् ह्यांच्या कमरंला ती सवत आधीच हुती."

"खिशात का नाही ठेवत?" मी एकदा विचारलं.

"खिसा बदलतोय ओ सायेब. कंबर तीच असती."

असली वाक्यं ते टाकायचे आणि पुढं चालायचे. मागं लेथवरची पोरं दिवसभर तेच वाक्य घोळवत बसायची. माझी वाक्यं मी नोटीस बोर्डवर टाइप करून लावत असे. त्यांच्यावर कुणीतरी पेनानं मिशा काढत असे.

त्यांची सगळ्यात चमत्कारिक सवय म्हणजे डोळे मिटून काम करणं. अवघड जोडणी आली की ते एक गोणपाट घ्यायचे, त्याखाली वस्तू आणि दोन्ही हात घालायचे, डोळे मिटायचे आणि तोंडानं आकडे पुटपुटत स्क्रू पिळायचे. आकडे कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु. कट्टर मराठी येळ्ळूरच्या माणसानं कन्नडमध्ये मोजावं, यावरून त्यांची टिंगल व्हायची. "मला ज्यानं काम शिकवलं तो असाच मोजायचा," अण्णा सांगायचे. "आता मोजायला कन्नड, भांडायला मराठी. मी दोन्हीकडचं काम काढून घेतलंय."

आणि डोळे का मिटायचे? "डोळं लई लबाड सायेब. आदीच ठरवून बसत्यात. हाताला काय ठरवायला येत न्हाय, त्यो बिचारा चाचपतोय."

मी यावर हसत असे. मापं घ्यायला डोळे असतात, डोळ्यांसाठी चष्मा असतो, आणि माझा चष्मा कारखान्यातला सगळ्यात जाड होता.

आता पंख्याकडं येतो.

गोव्यातल्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई आमच्या मालकांच्या ओळखीनं कारखान्यात आल्या. त्यांच्याकडं शिडाची बोट होती. शिडाच्या बोटीला एक छोटं इंजिनही असतं, वारा पडला किंवा समोरून आला की कामी येणारं, आणि त्या इंजिनाला पाण्याखाली पंखा. साध्या पंख्याची अडचण अशी की शिडावर जाताना तो पाण्यात नुसता अडून राहतो. त्यामुळं काही पंख्यांची पाती वळणारी असतात. इंजिन बंद झालं की ती पाण्याला धार दाखवून उभी राहतात. असा पंखा परदेशातून यायला फार महिने लागणार होते. तुम्ही करता का, असं बाईंनी विचारलं.

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. पंधरा वर्षं पंपाचे तेच ते भाग रेखाटून माझा हात गंजला होता. मी खुर्चीतून जवळजवळ उडालो. "करतो," म्हणालो.

आणि केला! हे मी छाती पुढं काढून सांगतो, कारण पुढं छाती आत घ्यायची वेळ येणार आहे. तीन पाती, मधे गनमेटलचा गड्डा आणि प्रत्येक पात्याच्या मुळाशी बाहेरून फिरवता येणारा एक स्क्रू. हा स्क्रू म्हणजे माझी खास अक्कल. पंखा पाण्यात लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखा पुढं सरकतो. एका फेऱ्यात किती सरकणार ते पाती किती तिरकी आहेत यावर ठरतं. त्यालाच पिच म्हणतात. पिच कमी पडलं तर इंजिन नुसतं भणभणतं. जास्त झालं तर दमून काळा धूर टाकतं. माझ्या पंख्यात स्क्रूचा एक फेरा म्हणजे पात्याचा दोन अंश तिरकेपणा. पंखा न खोलता, बोट पाण्याबाहेर न काढता पिच बदलता यावं, म्हणून स्क्रू बाहेर ठेवले. कागदावर तरी तसं लिहिलं होतं.

आणखी एक गोष्ट केली, ती कुणाला सांगितली नाही. साचा बनवणाऱ्याला बाजूला घेऊन गड्ड्याच्या मागच्या अंगाला, बोटीकडं तोंड करून असतो त्या बाजूला, माझ्या नावाची तीन आद्याक्षरं कोरून घेतली. नखाएवढी. हसू नका. चित्रकार सही करतो, शिक्षक तपासलेल्या वहीवर सही करतो, पंप बनवणाऱ्याला कोण विचारतो?

पंखा तयार झाला, पण तपासायचा कुठं? बेळगावला समुद्र नाही. अण्णांची येळ्ळूरला मोठी पायऱ्यांची विहीर होती. बोटीला जेवढ्या ताकदीचं इंजिन होतं तेवढ्याच ताकदीचं एक डिझेल इंजिन आम्ही विहिरीच्या काठावर लोखंडी चौकटीत घट्ट बांधलं, लांब दांड्यानं पंखा पाण्यात सोडला आणि चालू केलं. विहिरीत असं उकळलं की काठावरची माणसं मागं सरली. मी फेरे मोजायचं यंत्र धरून उभा. इंजिनानं पुऱ्या दमावर नेमके ठरलेले फेरे घेईपर्यंत मी तिन्ही स्क्रू कमी-जास्त करून घेतले. जमलं! मी टाळी वाजवली. मालकांनी टाळी वाजवली.

अण्णा खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही.

"सायेब, एक इचारू?"

"विचारा."

"बोट जाग्यावरच हुबी ऱ्हाणार व्हय?"

"म्हणजे?"

"न्हाय, हितं आपण पंखा बांधून ठेवलाय. तितं बोट पळणार. थांबलेल्या गाडीला ढकलायचं आन् पळत्या गाडीला ढकलायचं, जोर सारखाच लागतोय व्हय?"

काठावरचं सगळं येळ्ळूर माझ्याकडं पाहायला लागलं. मी चष्मा सारखा केला आणि म्हणालो, "अण्णा, मी गणित केलंय."

"गणित केलंय म्हंजे झालं," असं म्हणून त्यांनी पाण्यातून पाय काढले आणि पुसले. इतक्या सावकाश पुसले की त्या प्रत्येक बोटाचा मला आजही राग येतो.

दोन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. "अहो, इंजिन किंचाळतंय आणि बोट सरकत नाही. सायकलची चेन पडल्यावर पायडल फिरतं ना, तसं वाटतंय."

फोन ठेवायच्या आत मला कळलं. बांधलेल्या पंख्याला उभं पाणी जड लागतं. पळत्या बोटीच्या पंख्याकडं पाणी स्वतःच धावत येतं, त्यामुळं तेच पातं हलकं पडतं. पिच वाढवायला हवं होतं. विहिरीतलं पाणी कुठं पळत नव्हतं आणि माझं गणितही त्या उभ्या पाण्याचंच होतं. समुद्रात चालायचा पंखा मी विहिरीत तपासला होता. अशी चूक किनाऱ्यावरच्या कुणाच्या हातून झाली नसती. त्यासाठी आमच्यासारखी, दगडी विहिरीला पाण्याची हद्द समजणारी माणसंच लागतात.

बाईंनी पुढचंही सांगितलं. पावसाळ्याआधी, म्हणजे आठ दिवसांत, बोट रत्नागिरीकडच्या आडोशाला न्यायची होती आणि वारा समोरून होता. बोट पाण्याबाहेर काढायची सोय मासेमारीच्या मोठ्या बोटींनी अडवलेली. एकदा बाहेर काढायला मिळालीच, तर मी हा पंखा काढून जुना लावेन, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या तीन मित्रांना असेच पंखे हवे होते. तेही थांबतील, म्हणाल्या. म्हणजे आठ दिवसांत, पाण्यातल्या पाण्यात पिच सुधारलं तर माझा पंखा पंखा. नाही तर भंगार. नखाएवढ्या तीन अक्षरांसकट.

मालकांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. मी फळ्यावर लिहिलं: प्रत्येक स्क्रू अडीच फेरे. तिन्ही अगदी सारखे, नाही तर बोट थरथरेल. "सोपं आहे," मी म्हणालो. "पण कुणीतरी पाण्यात उतरायला हवं. मला पोहता येत नाही."

"मी जातो की," अण्णा म्हणाले.

"समुद्र बघितलाय का कधी?" मालकांनी विचारलं.

"टीव्हीत बघितलाय."

मी हसलो. एकटाच हसलो.

मग तीन दिवस येळ्ळूरच्या त्याच विहिरीत सराव झाला. दुसरा एक गड्डा दोरीनं पाण्यात सोडला. अण्णा लंगोट लावून, करदोट्याची चावी चाचपून बुडी मारायचे. त्या चावीच्या एका दांड्यावर त्यांनी कानसीनं खाच पाडली होती, म्हणजे अंगठ्याला खाच लागली की एक फेरा झाला. चावी आता करदोट्याला हातभर दोरीनं बांधलेली, हातातून निसटली तरी कमरेला लोंबकळत राहायची. मी पायरीवर घड्याळ धरून वेळ मोजत होतो. इंजिनिअरचं काम! वर काठावर गाव जमलेलं. एका आजीबाईनं मला विचारलं, "तुम्ही कोण, त्यांचं चिरंजीव व्हय?" अण्णा माझ्याहून फक्त अकरा वर्षांनी मोठे होते.

चोर्ल्याचा घाट उतरून आम्ही गोव्यात गेलो. बोट खाडीत, नांगरावर. पांढरी, सडपातळ, दिमाखदार. खाडीचं पाणी मात्र चहासारखं गढूळ. हात बुडवला की मनगट दिसेना.

मी तयारी करून आलो होतो. स्क्रूंची रंगीत आकृती, बाण, फेऱ्यांचा तक्ता, सगळं जाड प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं होतं, पाण्याखाली वाचता यावं म्हणून. पात्यांच्या मुळाशी अंशांच्या बारीक रेषाही कोरल्या होत्या. अण्णांनी तो तक्ता आदरानं घेतला, इकडून तिकडून पाहिला आणि त्यानं वारा घेत बसले. "लई बरं केलासा सायेब. उकडाय लागलंतं."

इंजिन बंद. बाईंनी चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि खिसा थोपटून दाखवला. अण्णांच्या कमरेला दोरी, तिचं दुसरं टोक माझ्या हातात. त्यांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला, बोटं जिभेवर टेकवली आणि तोंड वाकडं केलं. "आई गं. कोण एवढं मीठ घाटलंय!"

आणि उडी.

इथं खरं खरं सांगतो. त्या वेळी माझ्या मनात दोन प्रार्थना एकदम चालल्या होत्या. एक, अण्णांना जमू दे, माझा पंखा वाचू दे. दुसरी, अण्णांना जमू नये. जिवाला काही होऊ नये, देवा, पण नावाला थोडं होऊ दे. एकाच माणसाच्या हातात माझं सगळं अडकलेलं आणि त्याच हातांचा मला हेवा. दोरी धरलेला माझा हात घामानं भिजला तो काळजीनं की आशेनं, मला आजही सांगता येत नाही.

दुसरी प्रार्थना आधी ऐकली गेली! अण्णा खाली जायचे आणि बुचासारखे वर यायचे. खारं पाणी त्यांना खाली राहूच देईना. विहिरीतला सराव विहिरीत राहिला. तीनदा गेले, तीनदा वर.

"काय झालं अण्णा?" मी विचारलं. माझ्या आवाजात काळजी होती. वर साखर पण होती.

"हे पाणी लई अगत्याचं हाय सायेब. खाली बसूच देत न्हाय."

त्यांनी बोटीवर नजर फिरवली. नांगराच्या जादा साखळीचा एक तुकडा पडला होता. तो त्यांनी हारासारखा गळ्यात घातला, नुसता, गाठ न मारता. "जड झालं की मान खाली घालायची, हार पडतोय. सत्कारात बी असंच करायचं असतंय." बाई खळखळून हसल्या. साखळीला एक बारीक दोरी बांधली, ती पण मलाच धरायला दिली. आणि अण्णा दगडासारखे खाली गेले.

वर बुडबुडे.  मी आणि बाई वाकून त्या चहाच्या रंगाच्या पाण्याकडं पाहत होतो आणि आम्हाला काहीही दिसत नव्हतं. मला एकदम कळलं, की खाली त्यांनाही काहीही दिसत नसणार. म्हणजे माझा रंगीत तक्ता, माझ्या कोरलेल्या रेषा, माझा जाड चष्मा, सगळं फुकट. त्या पाण्यात एकच माणूस कामाचा होता, जो तीस वर्षं गोणपाटाखाली हात घालून याच दिवसाचा सराव करत होता आणि ज्याला मी हसत होतो.

साखळी घालून मारलेल्या पहिल्या बुडीनंतर ते वर आले. काठाला धरून धापा टाकत माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सापडला गड्डा," आणि परत गेले. प्रत्येक बुडीला साखळी पडायची, मी ओढून वर घ्यायचो, त्यांच्या गळ्यात परत घालायचो. नऊ वेळा मी त्या माणसाला हार घातला. हेवा करणाऱ्याला यापेक्षा मोठी शिक्षा कुणी शोधून दाखवावी!

तिन्ही स्क्रू झाले. बाईंनी इंजिन लावलं, बोट खाडीच्या तोंडाकडं निघाली. अण्णा टॉवेल पांघरून खाली बसले, तळहात फळीवर ठेवून, डोळे मिटून. बोट सुसाट. पण मागं काळा धूर. इंजिन दमत होतं. पिच जरा जास्त झालं होतं! म्हणजे अडीच फेऱ्यांचं माझं दुसरं गणितही चुकलं होतं.

"अर्धा मागं," डोळे न उघडता अण्णा म्हणाले.

परत नांगर, परत साखळी, परत तीन बुड्या. परत खाडीचं तोंड. या वेळी इंजिनाचा आवाज एका पट्टीत लागला, धूर नाहीसा झाला, बोटीनं पुढचं अंग किंचित उचललं आणि पाणी दोन बाजूंना फाडत निघाली. थरथर नाही. तिन्ही पाती सारखी. बाई सुकाणू सोडून टाळ्या वाजवायला लागल्या, मग घाबरून परत सुकाणू धरलं. माझा पंखा चालला. मी त्या आनंदात अण्णांना मिठी मारली, आणि मिठीत असतानाच मला आठवलं की मला त्यांचा हेवा वाटतो.

परतीत बाईंनी विचारलंच. "पण आधी चुकलं कसं हो? तुम्ही तर तपासून दिला होता."

माझं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आवाज अण्णांचा आला.

"माझं चुकलं बाई. इंजिन हिरीच्या काठाला बांधलं आन् तसंच पिच लावलं. सायेब नगं म्हणत हुते. म्हातारा झालोय, ऐकलं न्हाय मी."

"देवा! समुद्राचा पंखा विहिरीत?" बाई पोट धरून हसल्या. मी तोंड मिटलं.

घाट चढताना गाडीत मी विचारलं, "अण्णा, तसं का सांगितलंत?"

"वळण हाय. म्होरं बघून चालवा."

पुढच्या वळणावर परत विचारलं. ते झोपले होते. किंवा डोळे मिटले होते. त्यांच्या बाबतीत सांगता येत नाही.

बाईंच्या तिन्ही मित्रांनी पंखे नेले. आणि उद्यमबागेत ती गोष्ट पसरली. चहाच्या टपरीवर अण्णा स्वतःच ती सांगायचे आणि काय सांगायचे! डावा हात इंजिन, उजवा हात पंखा, तोंडानं विहिरीच्या पाण्याचा आवाज. दर महिन्याला गोष्टीत भर पडायची. आधी विहिरीतलं कासव भोवळ येऊन पायरीवर आलं. मग आजीबाईंचा तांब्या गरगरत काठावर चढला. शेवटी "आन् मी शाणा म्हणतोय, जमलं, जमलं!" असं म्हणून ते माझी टाळी वाजवायचे. हुबेहूब माझी. लोक चहा सांडेपर्यंत हसायचे आणि हसता हसता त्यांच्यावर आणखी जीव टाकायचे.

मी शेजारच्या बाकावर बसून ऐकायचो. गोष्टी सांगायचा नाद मला लहानपणापासून. नातेवाइकांत माझी ख्याती आहे. आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी चूक, सोन्यासारखी चूक, दुसराच माणूस माझ्यापेक्षा छान रंगवून सांगत होता! त्यांनी माझी आई नेली होती, माझी टाळी नेली होती, आता चूकसुद्धा माझ्याकडं ठेवली नाही.

गेल्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. कारखान्याच्या आवारात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, शाल, नारळ, प्रत्येकाच्या हातात कुंद्याची, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईची वाटी. माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गुडघ्यांचं निमित्त सांगून न आलेली माझी आई निपाणीहून बसनं आली होती, आणि पहिल्या रांगेत बसली होती. लेथवरच्या एकानं भाषणात विहिरीची गोष्ट सांगितली. मांडव हसला. मला राहवेना. मी उठलो, माइक घेतला.

"मंडळी, आज खरं सांगतो. ती चूक अण्णांची नाही. माझी आहे. विहिरीत पंखा मी तपासला. अण्णा नको म्हणत होते."

 मग मागून लेथवाल्याचा आवाज आला, "काय ओ सायेब, आता ती गोष्ट बी तुम्हालाच पायजे व्हय?"

असा हशा पिकला की कनातीवरचे कावळे उडाले. मी ओरडून सांगत होतो, "शपथेवर सांगतो, माझीच!" आणि जितकं सांगावं तितके लोक हसत होते. खाली आलो तर आईनं बाही ओढली. "दुसऱ्याचं कशाला घेतोस रं? एवढं हाय न्हवं तुझं."

मी मांडवाच्या मागं जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं अण्णा आले. खांद्यावर नवी शाल, हातात कुंद्याची वाटी, गळ्यात हार. मान खाली घातली, हार काढून खुर्चीवर टाकला.

"सायेब, कशाला जीव जाळून घेतासा? पंख्यावर नाव तुमचंच हाय की."

मी गार झालो. "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पयल्या बुडीत बोटाला लागलं. आदी वाटलं, कास्टिंगला खरबड पडलीया. मग वाचलं." त्यांनी कुंद्याचा एक घास खाल्ला. "तवाच मनात आलं, नाव सायेबांचं हाय, मग चूक आपल्यालाच घ्याय पायजे. दोन्ही एका गड्ड्यावर मावत न्हाईत."



त्यांनी वाटी खाली ठेवली, माझा उजवा हात हातात घेतला, उताणा केला. तळहातावर त्यांचं खरखरीत बोट टेकलं. डोळे मिटले. त्या चहासारख्या पाण्याखाली, श्वास धरून, एकट्यानं वाचलेली ती तीन अक्षरं त्यांनी एकेक करून माझ्या हातावर काढली. नखाएवढीच, आणि जिथल्या तिथं.

"ओंदु," ते म्हणाले. "एरडु. मूरु."